थोरल्याच्या नावची भरती

प्रिय शोदमोन,

हे पत्र कोसिम ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. तो पुन्हा तुमच्या नोवोसिबिर्स्कलाच कामाला निघालाय. त्याला बजावलंय की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, आणि तू बांधकामावर असताना द्यायचं नाही. तेव्हा तू खोलीवर आहेस असं धरून लिहितो. झेबोला जवळ बसवून घे. लेकीला थोडा वेळ शेजारणीकडे दे. फोन असताना बाबांना पत्र कसलं सुचलं, असं तुला वाटेल. पण फोनवर तू भराभर विचारतोस आणि मी त्याहून भराभर खोटं बोलतो. कागदावर मला ते जमत नाही. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, खोटं लिहिलेलं लगेच दिसतं.

इकडे यंदा जर्दाळूचा मोहोर थंडीने गेला. सगळ्यांनी झाडांखाली शेकोट्या केल्या, मलाही हाका मारल्या. मी गेलो नाही. आईचे गुडघे तसेच आहेत. ती फोनवर येत नाही म्हणून गेल्या खेपेला तू चिडलास, म्हणालास की आईला परगावची सून पसंत नाही. तसं काही नाही रे. नातीचा फोटो तिच्या उशाशी असतो. ती येत नाही, कारण तुझ्याशी जे बोलायचं ठरलंय ते ती बोलू शकत नाही. ठरवलं मी होतं.

गेल्या नाही, त्याआधीच्या शरद ऋतूत तुझ्या नावचं सैन्यभरतीचं बोलावणं पुन्हा आलं होतं, आठवतं? मी भरती कचेरीत गेलो. तिथला अधिकारी हिकमत माझाच विद्यार्थी, भूगोलात कच्चा. उठून उभा राहिला, चहा मागवला. बाहेरदेशी असलेल्या पोरांना रक्कम भरून, महिनाभराचं प्रशिक्षण घेऊन सुटता येतं असं ऐकलं होतं, ते मी विचारलं. तो म्हणाला, ती सोय वेळेत अर्ज करणाऱ्यांना. तुझं नाव तोवर फरारींच्या यादीत गेलं होतं. आलास तर विमानतळावरूनच उचलणार, नाही आलास तर सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत दरवर्षी घराशी माणसं येणार. मग त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "गुरुजी, मला वर भरतीचा आकडा दाखवायचाय. तुमच्या घरातून एक जण आला, तर थोरल्याचं नाव मी मागे ठेवतो."

त्याच दिवशी मी तुला फोन केला. तू लगेच म्हणालास, "येतो मी, बाबा. दोन वर्षं काढतो आणि मोकळा होतो." झेबोला तेव्हा सातवा महिना होता. मी म्हटलं, येऊ नकोस, मिटवलंय. तेव्हा काहीच मिटलं नव्हतं.

मिटवलं ते आपल्या धाकट्याने, मेहरोबने. सकाळी चहाला बसलो होतो. नान मोडता मोडता तो सहज म्हणाला, "दादा आला तर वहिनी तिकडे एकटी पडेल. मी जातो ना. कॉलेज कुठं पळून चाललंय?" वर हसून आईला म्हणाला की निदान तुझ्या हातच्या शोरब्यातून दोन वर्षं सुटेन. मी तेव्हा काय केलं सांगू? त्याच्या वाटीत चहा ओतला. एकोणीस वर्षांचा पोरगा, कॉलेजात असल्यामुळे त्याला बोलावणंही नव्हतं. त्याने स्वतःहून अर्ज लिहिला, मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि कचेरीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो.

तुला सांगितलं की तो दुशान्बेच्या वसतिगृहात आहे, तिथे फोन वापरू देत नाहीत. तो होता पामीरमधल्या एका चौकीवर. पत्रात लिहायचा की स्वयंपाकघरात लावलंय, सगळे जाडे होतायत. तू त्याच्यासाठी पाठवलेले बूट मी त्याच्याकडे धाडले. दादाला काही कळू देऊ नका, असं प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं.

या फेब्रुवारीत त्याच्या पोटात दुखायला लागलं. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, खाण्यात काही आलं असेल. दुसऱ्या दिवशी ताप चढला. बर्फाने खालचा रस्ता बंद होता. तीन दिवस, शोदमोन. चौथ्या दिवशी रस्ता उघडला तेव्हा त्याला ट्रकमध्ये घालून खाली आणलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेलेला होता. आतडं फुटलं होतं, म्हणाले.

शुक्रवारी आपल्या टेकडीवर, माझ्या वडिलांच्या कबरीशेजारी त्याला ठेवलं. सारा गाव आला होता. संध्याकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, मेहरोब कसा आहे. मी म्हटलं, परीक्षा चालू आहेत. तू म्हणालास, त्याला सांगा, उन्हाळ्यात इकडे बोलावून घेतो. मी म्हटलं, सांगतो. अंगणात लोक अजून बसलेले होते. सगळ्यांनी ऐकलं.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधीही झाला. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, "दोघंही जायला तयार होते. पोरं चांगलीच निघाली माझी. नाही म्हणणं, एवढंच तुमचं काम होतं."

आता हे पत्र आज का लिहिलं ते सांगतो. गेल्या मंगळवारी हिकमतने मला पुन्हा बोलावलं. चहा मागवला, पण माझ्याकडे बघेना. एक शिक्क्याचा कागद पुढे सरकवला. आईबापांना एकच मुलगा असेल तर त्याला सैन्यात घेत नाहीत, असा नियम आहे. आम्हाला आता एकच मुलगा आहे. म्हणून यादीतून तुझं नाव कायमचं काढलंय. "गुरुजी, शोदमोन मोकळा झाला," तो म्हणाला, "आता त्याला कुणी अडवणार नाही." मी त्याचे आभार मानले. सवयीने तोंडातून निघून गेलं. तो कागद या पाकिटात आहे, विमानतळावर दाखवायला जपून ठेव. घरी ये असं म्हणायला, तू गेल्यापासून सात वर्षं, माझा जीव तुटत होता, आणि आता ते म्हणायला तोंड नाही. येशील की नाही, तुझं तू ठरव. आलास तर आधी आईपाशी जा. मी बाहेर बसेन.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
बाबा