मागच्या बागेतल्या खड्ड्याचा खुलासा

आणि दुसरी गोष्ट, ग्लेनिसताई, "घर विकायला पाठवला तर खड्डा करून आला" हे वाक्य आता पुरे कर. फोनवर तीनदा ऐकवलंस आणि तिन्ही वेळा माझं ऐकून घ्यायच्या आत फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधेच बोलता येत नाही. हा पत्राचा गुण मला आधी कुणी सांगितला असता तर शाळेत थोडं तरी लक्ष दिलं असतं.

असो. रीतीप्रमाणे आधी खुशाली. तुझी कंबर कशी आहे? ग्रॅहमदाजींचं लॉन कसं आहे? (त्यांची तब्येत विचारत नाही. लॉन बरं असलं की ते बरे असतात. चारशे ऐंशी पौंडांची हिरवळ अंथरली, हे त्यांनी मला तुमच्या दारात, कोट काढायच्या आत सांगितलं होतं.) मी इथे नॉर्वेत ठीक आहे. मी सांभाळतो ते मत्स्यशेतीतले मासेही ठीक आहेत. या नोकरीला सात महिने झाले, तेव्हा मी एका जागी टिकत नाही हा तुझा आरोपही आता शिळा समज.

तर खड्डा. बाबा डिसेंबरात जिन्यावरून पडले, तू तुमच्या घरातली खालची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतलीस, आणि घर विकायचं ठरलं. घराला गिऱ्हाईक कोण मिळणार, खाण बंद पडलेल्या गावात, रांगेतलं शेवटचं घर. पण आपली बाग लांबलचक, थेट मागच्या रस्त्याला भिडलेली, आणि तिथे दोन बंगल्या बांधायची परवानगी मिळते हे कळल्यावर दलाल धावत आला. रूपर्ट नाव, टोकदार बूट. बागेच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "वा, मागे रिकामा प्लॉट आहे." बाबा म्हणाले, "रिकामा म्हणजे? पोरा, तू माझ्या लीकच्या चरात उभा आहेस." तो बिचारा दक्षिणेकडचा. त्याला चर म्हणजे काय आणि लीक ही भाजी म्हणजे काय, काहीच माहीत नाही. (दाजींनी पहिल्या भेटीत, "म्हणजे जाडी कांद्याची पातच ना?" असं विचारलं होतं आणि बाबा त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते, ते आठव.) मी रूपर्टला बाजूला घेऊन समजावलं की मांडीएवढ्या जाड लीकच्या जोडीला इथे सप्टेंबरात बक्षीस असतं, बाबांनी ते सात वेळा घेतलंय, शेजारच्या स्प्रोटने चार वेळा, आणि त्या चारांबद्दल या घरात बोलायचं नाही. त्याने वहीत लिहून घेतलं, "मागे भाजीपाला."

भाव चांगला ठरला, एक लाख नव्वद हजार. घेणारी ऑलरिजबाई बांधकामवाली, सरळ बाई. सह्या तेवढ्या बाकी होत्या. ती बाग बघायला आली त्या दिवशी मी सुट्टीवर आलो होतो, म्हणून जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं. स्प्रोट नेहमीसारखा कुंपणावर कोपरं टेकून उभा. तो म्हणाला, "बाई, तुमचं मशीन येईल तेव्हा वरच्या मातीचं काय करणार?" ती म्हणाली, "काय करायचीय मला? हवी तर न्या की फुकट." ताई, मी स्प्रोटला त्याच्या बायकोच्या साठाव्या वाढदिवसालाही इतका आनंदी पाहिलेला नाही. बाबांनी कप बशीत ठेवला आणि आत निघून गेले.

त्या मातीचं तुला सांगायला नको, पण सांगतो. चाळीस वर्षं तो चर एकाच जागी आहे. मेंढीची लोकर, चिमणीची काजळी, दारूच्या भट्टीतला चोथा, आणि आणखी एक गोष्ट जी बाबा मलाही सांगत नाहीत. त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "त्यात तुझ्या आईचा चहा आहे." खरं आहे. आई रोज सकाळी किटलीतला चोथा त्याच चरात टाकायची, स्वयंपाकघराच्या दारातून, चपला न घालता. लीकचा तिला मनापासून कंटाळा होता, पण टाकायची. माझ्या हिशेबाने चौदा हजार वेळा.

तेव्हा आम्ही बाग जरा आवरायला घेतली. आवरायला, असंच मी अजूनही म्हणेन. चोरून नाही, भर दिवसा, तीन दिवस, सगळ्या गल्लीसमोर. मी ढकलगाडी ढकलत होतो आणि बाबा खुर्चीवर बसून, माती सांडली की ओरडत होते. तीनशे वीस पोती भरली. इतकी पोती ठेवायची कुठे? पुढच्या खोलीत, भिंतीला लावून, वर आईच्या चादरी घातल्या. दोन दिवसांनी रूपर्ट एका जोडप्याला घर दाखवायला आला (सह्या होईपर्यंत दाखवत राहायचं, असा त्यांचा नियम), त्या पोत्यांवर बसला आणि म्हणाला, "सोफा जरा कडक आहे, पण प्रशस्त आहे." बाबा म्हणाले, "जुन्या घडणीचा आहे."

मागे बारा फूट लांब, पाच रुंद, साडेतीन खोल चर मोकळा राहिला. तो मी बुजवणार होतो. पण पाऊस आला, चार दिवस पडला, आणि चराच्या कडा ढासळून त्याचा गोल खड्डा झाला. त्यात पाणी. नेमका शुक्रवारी ऑलरिजबाईचा मोजणीदार आला. तू या गावात वाढलीस, तुला कळेल. खाणीच्या गावात बागेत गोल खड्डा दिसला की माणूस काय म्हणतो? तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "जुनी खाण खचली."

दुपारी जुन्या खाणींच्या खात्याची दोन माणसं हेल्मेट घालून आली आणि लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधून गेली. समोरच्या मिसेस टुलीने स्वयंपाकघरात फरशीवर गोट्या ठेवल्या, घर कलतंय का बघायला. गोट्या घरंगळल्या. (त्या एकोणीसशे साठपासून घरंगळत असाव्यात, पण तेव्हा कुणी ठेवून पाहिल्या नव्हत्या.) संध्याकाळपर्यंत आख्खी रांग गोट्या शोधत होती. आणि खात्याचा माणूस बाबांना अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही एकतीस वर्षं खाली काम केलंत. इथे खाली काय असेल, तुमचा अंदाज?" बाबा खड्ड्याकडे बघत म्हणाले, "मला सांगता येणार नाही." यात एक अक्षर खोटं नाही. खरं सांगितलं असतं तर विकायला काढलेल्या जमिनीची माती सोफ्यात भरली, असं निघालं असतं.

स्प्रोटला सगळं माहीत होतं, तीन दिवस कुंपणावर तोच उभा होता. तो मागच्या दाराने आला आणि म्हणाला, "माझं तोंड बंद राहील. सहा पोती." बाबा म्हणाले, "चार." पाचांवर ठरलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ऑलरिजबाईने भाव चाळीस हजारांनी खाली आणला, मी नॉर्वेच्या बोटीत बसलो, आणि तुझे फोन सुरू झाले. आता शांतपणे विचार कर: यात माझा दोष कुठे आहे? ढकलगाडी ढकलणं हा गुन्हा असेल तर सांग.

बाकी क्षेम. तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, कारण ते काय असेल मला माहीत आहे.

तुझा धाकटा,
डीन

ता. क. भावाची काळजी करू नकोस. मागच्या आठवड्यात ऑलरिजबाईला फोन करून मी सगळं खरं सांगितलं. तिने मधेच फोन न ठेवता सगळं ऐकून घेतलं, तुझ्यासारखं नाही. मग म्हणाली, लेखी द्या आणि भराव घाला, भाव पहिलाच देते. बाबांनी लेखी दिलंय. "खड्डा माझा आहे," एवढंच, खाली सही. खाणवाले पट्ट्या सोडून घेऊन गेले. मिसेस टुलीची गोट्यांची सवय मात्र राहिली आहे.

ता. क. २. येत्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास तुझ्या दारात लॉरी येईल. घाबरू नकोस. त्यात तीनशे पंधरा पोती आहेत आणि ड्रायव्हरशेजारी बाबा, मांडीवर रोपांचा ट्रे घेऊन. रोपं वीस तारखेच्या आत लागली पाहिजेत. जागा मी मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे आलो तेव्हा पाहिलेली आहे: लॉनच्या बरोबर मधे, जिथे दिवसभर ऊन असतं. बारा बाय पाच. दाजींना तू सांग, माझ्याने व्हायचं नाही. आणि उरलेला चहाचा चोथा सिंकमध्ये टाकत जाऊ नकोस.

ता. क. ३. आता खरं सांगतो, पुन्हा विचारू नकोस. माती काढायची कल्पना बाबांची नव्हती. स्प्रोट तसं बोलला त्या रात्री ते म्हणाले, मी कुठे जात नाही, मला इथेच राहू दे, ग्लेनिसला सांग खोलीत शिवणाचं मशीन ठेव. जिन्यावर बसून बोलत होते, त्याच पायरीवर. मी म्हणालो, मग चरच घेऊन जाऊ. ते उठले आणि फावडं शोधायला लागले. लॉरीचं भाडं मी दिलंय. पाकिटातले हे वेगळे, दाजींच्या हातात दे, आणि लॉरी यायच्या आधी दे: चारशे ऐंशी पौंड.