राखीच्या सोयरिकीत पुस्तक बोललं

साकोली, सोमवार

ती. भाऊजींना गोपीचंदचा साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला आणि ताईचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे जिवंत आहेत. याहून जास्त छातीठोकपणे सांगवत नाही. (फोनच करणार होतो, पण फोनची अजून धास्ती आहे. म्हणून कागद.)

गाजलेल्या जुन्या कादंबऱ्या स्वस्तात शोधायचा मला नाद लागलाय. त्यात एक अचाट गोष्ट कळली. नुसतं ऐकायचं पुस्तक घ्यावं तर किंमत पाहूनच घाम फुटतो. पण तेच पुस्तक आधी फोनवर वाचायला घ्यायचं, ते चिवड्याच्या पुड्याच्या भावात, मग त्याला जोडून आवाज जवळजवळ फुकट! मी तर उडालोच. आमच्या सौ. मंदाबाई म्हणाल्या, "वाचाले अलग, आयकाले अलग? एकदा सांगून समजत नाही का तुमाले?"

घेतली एक खुनाची कादंबरी. काल लाखांदूरहून आमच्या राखीला पाहायला भूपेंद्र, त्याची आई आनंदाबाई आणि मामा आले. पोहे झाले, चहा आला. कादंबरी ऐन रंगात अडकलेली, म्हणून मी हळूच एका कानात ते बिनतारी ऐकायचं बटण घातलं. (एक कान पाहुण्यांना, एक गोष्टीला. चूक काय?) पण फोन कानाशी न जुळता मंदाबाईंच्या भजनाच्या स्पीकरला जाऊन जुळला, आणि पाहुण्यांच्या डोक्यावरच्या फळीवरून आवाज गरजला, "तुम्ही पीत आहात त्या चहात विष आहे!"

मामांनी घोट सदऱ्यावर सोडला. मी घाईत बंद करायला गेलो, तर आवाज दुप्पट वेगानं धावू लागला. कसाबसा थांबवला. सोयरीक संपली असं समजून मी मान खाली घातली, तोच आनंदाबाई कडाडल्या, "बंद काहून केलं? विष कोनं टाकलं ते आयकू तं द्या!"

मग काय, सगळे ऐकत बसले. पोरीकडे कोणी बघेना. मंदाबाईंनी राखीला आणि भूपेंद्रला बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. तिथे त्यांनी काय बोलावं? राखीच्या फोनवर (पुस्तकांचं खातं घरात एकच) तेच पुस्तक उघडून शेवटची पानं वाचली! आत येताच भूपेंद्र ओरडला, "आई, विष सुनेनं टाकलं!"

भाऊजी, मी पुस्तकच बंद करून टाकलं. आनंदाबाईंनी कपाकडे पाहिलं, मग राखीकडे, आणि तडक उठून गाडीत बसल्या. रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही. राखी तर रडायचीही विसरली.

आज सकाळी आनंदाबाईंचा फोन. मी घाबरतच उचलला. "पोरगी पसंत हाय. शेवट तिले बी मालूम होता, पन चूप रायली. आमच्या पोट्ट्याच्या पोटात तं पानी बी टिकत नाही. तुमी पुढच्या रविवारी बैठकीले या, अन् दुसरं पुस्तक घेऊन या."

मी खाटेवर बसलो तो अजून नीट उठलेलो नाही.

आपला,
गोपीचंद

ता. क. बैठकीला ताईला नक्की पाठवा. घरातलं मोठं माणूस हवंच. तुम्ही मात्र कृपया येऊ नका. तुमचं वाचन दांडगं, आणि शेवट सांगायची तुम्हाला हौस. पुस्तकाचं नाव मुद्दामच कळवत नाही.