देह बोलतोय, ऐकू नका

रविवार, ३ फेब्रुवारी १९५७

आज उपासनेत सगळ्यांना गार केलं.

पाठीवर काळपुळी झाली आहे, लिंबाएवढी. कंपनीचे डॉक्टर म्हणाले होते, पेनिसिलीनच्या सुया घ्या. मी चर्चच्या मंडळीसमोर उभा राहून सांगितलं, सुई घेणार नाही. प्रभू बरं करील आणि पुढच्या रविवारी मी इथंच साक्ष देईन. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! पुढे बजावलं, तापात मी डॉक्टर मागितला तर तो मी नव्हे, माझा देह बोलतोय असं समजा. ऐकू नका, मोठ्याने गाणी म्हणा. माझ्या बायकोकडून, मंजुळाकडूनही सगळ्यांदेखत तसं वचन घेतलं. तिने पदर सारखा केला आणि बरं म्हणाली.

मंडळीत आम्ही मोजकीच घरं, नगरकडून पिंपरीला पोटासाठी आलेली. पुढच्या रविवारी पाळक यशवंतराव पुण्याहून येऊन मंडळीचा वडील, म्हणजे इथला प्रमुख, नेमणार आहेत. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

सोमवार, ४ फेब्रुवारी

ड्यूटी केली. दिवसभर पेनिसिलीनच्या बाटल्यांना लेबलं. माझ्या हातून साऱ्या देशाला औषध जातं आणि मी ते घेत नाही, यात मोठा अर्थ आहे. नेमका कोणता, ते साक्षीच्या वेळी सुचेल.

खात्री शंभर टक्के. शर्ट पाठीला चिकटतो.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

काळपुळी वाढली. घरमालक मारुतराव म्हशीला पेंड घालता घालता म्हणाले, सायब, देवाचं आन् डाक्टरचं भांडान हाय व्हय? भोळा माणूस. त्यांना विश्वास म्हणजे काय ते समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, व्हय, पर गाडी जुपायची आसंल तर हाळी द्या.

दुपारी मनात आलं, प्रभूने बरं करायचं ठरवलंच नसेल तर? ही शंका नव्हे. नुसती चौकशी.

बुधवार, ६ फेब्रुवारी

ताप. रजा टाकली. उद्यापासून नक्की उतार.

मंजुळाने विचारलं, तुम्हाला खात्री आहे ना? मी म्हटलं, तू विचारतेस इथंच चुकतं. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी, संध्याकाळ

हुडहुडी भरते.

दवाखान्यात नुसतं जाऊन यायला काय हरकत आहे? नुसतं दाखवायला. मंजुळाला म्हटलं, डॉक्टर बोलाव. ती लगेच उठली. वाटलं, सुटलो. ती मंडळीला घेऊन आली.

उपासनेत साथ करणाऱ्या दौलतरावांनी बाजाची पेटी आणली होती. मी म्हणालो, डॉक्टर. त्यांनी वरची पट्टी धरली. मी ओरडलो, अहो, हा मीच आहे, देह नव्हे! दौलतराव बाकीच्यांना म्हणाले, बघा, रविवारी भाऊ स्वतःच म्हणाले होते अगदी तस्संच होतंय.

आता जेवायला गेलेत. परत येणार आहेत.

मला मरायचं नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

कालचं काही आठवत नाही. मंजुळाने शुक्रवारी पहाटे मारुतरावांना हाळी दिली म्हणे. त्यांनी बैलगाडीत घालून कंपनीच्या दवाखान्यात नेलं. चिरा दिला, सुया दिल्या. अजून चालू आहेत. बसता येत नाही.

मंजुळाला रागावलो. सगळ्यांदेखत दिलेलं वचन मोडलंस म्हटलं. ती म्हणाली, मला एक दिवसही खात्री नव्हती. रोज भीती वाटायची. पण तुम्हाला तरी असेल, म्हणून मी थांबले. मग रडली. मी पालथा होतो. मान वळवता आली असती, वळवली नाही.

उद्याची साक्ष तयार आहे. प्रभूने मारुतरावांच्या बैलांना प्रेरणा दिली. सुयांचा उल्लेख टाळता येतो.

रविवार, १० फेब्रुवारी

पाळकांनी विचारलं, साक्ष कोण देणार? मी भिंतीला टेकून उभाच होतो, बसता येत नव्हतं म्हणून. सगळ्यांना वाटलं, साक्ष द्यायला उठलो. दौलतरावांनी पेटीवर सूर धरला.

बैल तोंडपाठ होते. पण समोर मंजुळा बसली होती. तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. अजून तिला वाटत होतं, मला तरी खात्री असेल.

मी म्हटलं, बसता येत नाही म्हणून उभा आहे. सुया घेतल्यात. गुरुवारी बोलत होतो तो मीच होतो. मंगळवारपासून भीती वाटत होती.

दौलतरावांचा हात पेटीवरच राहिला. मग पाळकांनी प्रार्थना केली, छोटीशी.

मंडळीचे वडील दौलतराव झाले.

घरी येताना मंजुळाने हळूच विचारलं, आता खात्री कशाची आहे? मी म्हटलं, उद्या सकाळी सुई आहे, तेवढ्याची.