उलट्या परातीवरची भाकर

एका हातानं भाकर थापायला तू मला शिकवायला नको होतंस. पहिलं हेच लिहिते, बाकीचं मागाहून. तू गेलीस तेव्हा माझा लेक पाळण्यात होता, आता त्याच्या पोरीला पाहायला पाहुणे येऊन जातात. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दलची तक्रार मी मनातच ठेवली. आज उघड करते, याडी, माझे आई, कारण तुझ्या त्या शिकवण्यापायी माझी ज्वारी जायची वेळ आली आहे. आपल्या बोलीत लिहिता आलं असतं तर तुला नीट झोंबलं असतं. पण पलीकडच्या गावच्या मास्तरानं शाळेच्या ओसरीवर बसवून दोन हिवाळे जी मराठी अक्षरं गिरवून घेतली, त्यांच्यावरच माझं सगळं भागतं. तिथंही तूच नेऊन बसवलंस. मास्तर कां-कूं करत होता, तर तू त्यालाच दम भरलास, "डावा गेला, उजवा हाये ना? लिहीन ते." मास्तर तुझ्या अंगावरच्या आरशांकडे आणि हाडाच्या बांगड्यांकडे पाहत राहिला आणि मग त्यानं मला पाटी दिली.

तो ताप तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तुला कोणी सांगितला नसेल. त्याच उन्हाळ्यात तांड्यातल्या दोन पोरी तापल्या, मी आणि पलीकडच्या झोपडीतली ती. माझा डावा हात वाळला, तिचे दोन्ही पाय वाळले. तिच्या आईनं तिला जी कडेवर घेतली ती न्हातीधुती झाली तरी खाली ठेवली नाही. तांडा तिला कडेवरची म्हणू लागला, अजूनही म्हणतो. तिला कोणी भरवायचं, कोणी वेणी घालायचं, कोणी सावली सरकली की उचलून सावलीत ठेवायचं. मी मात्र ताप उतरला त्याच आठवड्यात शेण गोळा करत होते. एकदा तुझा घागरा धरून म्हटलं, मलाही घे. तू म्हणालीस, "तुहे पाय झिजले काय वं?" आणि पुढं चालू लागलीस. तेव्हापासून मी तिच्या पायांवर जळते. तुला वाटायचं पोर समजूतदार आहे, गप्प राहते. मी गप्प राहून जळत होते.

मग भाकरीचं आलं. आपल्या घरी दोन तळव्यांत थापायची पद्धत, एका हाताचं तिथं काही चालेना. तू काय केलंस, ओढणी काढलीस, आपला चांगला धडधाकट डावा हात कमरेशी बांधलास आणि चुलीपुढं बसलीस. "पहिले मी शिकीन, मंग तुले शिकवीन." बाप जेवायला आला तर ताटात नुसते तुकडे. तो म्हणाला, "हे काय, कुत्र्याचं केलं का?" तू म्हणालीस, "आज मले एकच हात हाये, उद्या या." असं किती दिवस चाललं मला आठवत नाही, पण बाप त्या दिवसांत शेजारी जेवायला जायचा हे आठवतं. शेवटी तुला सापडलं. परातीत पीठ मळायचं, परात गुडघ्यानं भिंतीला दाबून धरायची. गोळा काढून घ्यायचा आणि परात उलटी घालायची. तिच्या पाठीवर पीठ भुरभुरून थापायची, थापता थापता बोटांनी फिरवायची. झाली की अर्धी काठाबाहेर सरकवायची आणि लोंबती बाजू तळव्यावर घेऊन एका झटक्यात तव्यावर टाकायची. तू हात सोडलास आणि परात माझ्यापुढं ढकललीस. पहिल्या भाकरी जमिनीवर पडल्या. तू त्या झटकून मलाच खायला दिल्यास, मातीसकट.

असं एकेक करून तू मला सगळंच शिकवलंस. लग्नाच्या वेळी सासरची बाई म्हणाली, वाळक्या हातावर बांगड्या ठरायच्या नाहीत, तर तू चिंध्या गुंडाळून गुंडाळून माझा हात जाड केलास आणि कोपरापासून वरपर्यंत बांगड्या बसवल्यास. त्या चिंध्या मी आजवर कोणापुढं सोडल्या नव्हत्या. माझा नवरा गेला, तुझा जावई, त्यालाही तो हात उघडा दाखवला नाही.

आता ज्वारीचं सांगते, तुझ्या वेळी ती नव्हती. सरकार लुळ्या-पांगळ्यांना, आंधळ्यांना महिन्याला थोडी ज्वारी देतं, पुसदला जाऊन आणायची. फार नाही, माझ्या एकटीच्या पोटापुरती. पण मी ती आणून सुनेच्या पुढ्यात ओतते ना, तेव्हा घरात माझा आवाज निराळा असतो. सून वाईट नाही. पण दुसऱ्याच्या दाण्यावर बसलेली म्हातारी खोकली तरी जास्त खोकली असं घराला वाटतं, हे मी माझ्या सासूच्या बाबतीत पाहिलं आहे, तेव्हा मीच ते घर होते. निंदणाला मला कोणी बोलावत नाही. कापूस वेचायला गेले तर एक हात वेचणार आणि ओटी कोण धरणार, म्हणून पाटलीण तोंड फिरवते. तेव्हा ती ज्वारी हीच माझी कमाई.

राज्य बदललं, मराठी मुलखाचं झालं, कचेरीतले कागद बदलले. ग्रामसेवक तांड्यात आला आणि नायकाच्या दारात उभा राहून त्यानं सांगितलं की ज्यांचं अंग थोडंबहुत चालतं त्यांची मदत कमी करायचं वर चाललं आहे. अजून पक्कं नाही. पण ज्याला ज्वारी मिळते त्यानं तालुक्याला जाऊन साहेबाला आणि डाक्टरला अंग दाखवायचं. त्या दिवसापासून घरात माझी उलटी शाळा सुरू झाली. सून म्हणाली, "माय, तिथं काही करू नका. लोटा देला तर पाडा. पदर सुटला तर सुटू द्या." लेक म्हणाला, "चालतानी जराशी लंगड." मी म्हटलं, "मेल्या, हात वाळला, पाय नाही." तो म्हणाला, "साहेबाले काय समजते?" तू मला काही पाडू नकोस म्हणून बडवायचीस आणि पोटचा लेक मला पाडायला शिकवत होता. मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही तुझ्यावर.

एकाच बैलगाडीतून गेलो, मी आणि कडेवरची. तिच्या लेकानं तिला पाठीवरून आणून गाडीत गवतावर ठेवली, वरून गोधडी टाकली, मी चाकावर पाय देऊन चढले. ती म्हणाली, "मले कायची भीती? माझे पाय पाह्यले की झालं." तिला काही शिकावं लागलं नाही. तिच्या आईनं सगळी तयारी लहानपणीच करून ठेवली होती.

कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली गावोगावचे लोक बसले होते. मोटारस्टँडजवळ गाड्या दुरुस्त करणारे एक चाचा होते, गाडीखाली येऊन एक पाय गुडघ्यापासून गेलेला. ते सगळ्यांना सांगत होते, "अजी, पाय परत उगवला का तेवढंच पाहून राह्यले. औंदा पाणी चांगलं झालं ना!" सगळे हसले. एक आंधळी बाई हसता हसता थांबली आणि म्हणाली, "मले इचारलं, तू घरातल्या घरात फिरतं का, तर काय सांगू? फिरतो तर खरं." चाचांनी कुबडी पायावर आडवी घेतली आणि म्हणाले, "बाई, मी बी नट खोलतो, पाना धरतो. पण दुकान कोण देते मले? ते इचारत नाही कोणी." म्हणजे पाहा, ज्यानं ज्यानं काही शिकून घेतलं होतं त्यालाच मदत जायची भीती होती.

दुपार झाली, कोणाला आत बोलावलं नाही. कडेवरचीला भूक लागली. तिची सून तीन दगड मांडून पीठ मळायला बसली. याडी, ते पीठ! पाणी आधी ओतलं, पीठ मागून, गोळा हाताला चिकटून राहिला. पहिली भाकर थापताना फाटली, दुसरी तव्यावर घडी पडून बसली. चाचा म्हणाले, "ही भाकर हाये का पानाचा इडा?" मी दुसरीकडे तोंड करून बसले. खरंच बसले. माझ्या सुनेचं बोलणं मनात म्हणत बसले, काही करू नका, काही करू नका. तिसरी फाटली आणि मी उठले. "सर वं तिकडं," म्हणून त्या पोरीला बाजूला केलं, परात गुडघ्यानं लिंबाच्या बुंध्याला दाबली, कोरडं पीठ घालून गोळा सुधारला, परात उलटी घातली. मग मला कचेरी दिसेना, काही दिसेना. भाकर काठाबाहेर सरकवली, तळव्यावर घेतली, टाकली. निखाऱ्यावर टम्म फुगली. मागून कोणीतरी म्हणालं, "वा आजी! एका हातानं?"

पाहते तर विजारीतला माणूस, काखेत कागद. साहेबच होता. घाम पुसत उभा होता, चेहरा वाईट नव्हता. चाचांनी डोळे मिटून घेतले. कडेवरची मोठ्या कौतुकानं म्हणाली, "साहेब, आमच्या तांड्यात हिच्यासारखी भाकर कोणाची नाही. चारी बोटांनी फिरवते!" तिला वाटलं माझी शान वाढवते आहे. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं खात आली, तिला काय माहीत कोणतं कौतुक कुठं करावं.

आत तिला पहिलं नेलं. लेकाच्या पाठीवरून गेली आणि तशीच परत आली. साहेबानं तिचे पाय पाहिले, काही विचारलं नाही. पासष्टीला टेकलेली बाई मी, आणि त्या काटक्यांसारख्या पायांचा मला हेवा वाटला.

माझ्या वेळी डाक्टर म्हणाला, चिंध्या सोडा. मी बांगड्या उतरवल्या, चिंध्या सोडल्या. एकाखाली एक निघतच राहिल्या, अगदी आतली तुझ्या जुन्या घागऱ्याची होती, तिचा रंग अजून कळत होता. डाक्टरनं हात उचलून पाहिला आणि हळूच खाली ठेवला. साहेब म्हणाला, "आजी, घरचं काम तुम्ही करता ना? मी पाहिलं."

लंगडायचं, पाडायचं, सगळं विसरले. म्हटलं, "साहेब, एका हातानं भाकर होते. ज्वारी नाही होत."

तो लिहिता लिहिता थांबला. मग पुन्हा लिहायला लागला. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. म्हणाला, "कळवू."

परत येताना गाडीत कडेवरची पेंगत होती, मी तिच्यावर चिडून बसले होते. बोलायचं नव्हतं, तरी बोलले. म्हटलं, तुझं बरं आहे, तुला जन्मभर सगळ्यांनी उचललं. माझ्या आईनंसुद्धा. तुला तो दिवस आठवत असेल, याडी. तिची आई बाळंत झाली होती म्हणून तू कडेवरचीला नाल्यावर आंघोळीला घेऊन गेलीस आणि येताना कडेवर घेतलंस. तुझ्या कडेवर. जिथं मी कधी बसले नाही तिथं. माझ्या डोक्यावर भरलेली घागर, एका हातानं धरलेली, आणि मी तुमच्या मागून चालत होते. तिचे पाय तुझ्या घागऱ्यावर लोंबत होते ते मला आजही दिसतात.

कडेवरची डोळे न उघडता म्हणाली, "तुही माय? मले त हात दुखेपर्यंत धरलं, पण एका शब्दानं बोलली नाही. रस्ताभर मान मोडूमोडू मागं पाहत होती. मी म्हटलं, मावशी, पडशीन ना, समोर पाह. त माह्यावरच खेकसली."

मी विचारलं, "मागं काय पाहत होती?"

ती म्हणाली, "मले काय माहीत? घागर सांडते का ते पाहत असन."

नंतर ती घोरायला लागली. तिला झोपही लवकर येते.

कचेरीचं उत्तर अजून आलं नाही. सून रोज विचारते, लेक विचारत नाही. मी डब्यातली ज्वारी बोटानं खाली-वर करून पाहते. हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, तुझ्यापर्यंत टपाल जात नाही एवढं मला कळतं. आणि एक सांगून टाकते, कोणाला सांगितलं नाही. साहेब मागं उभा आहे हे कळल्यावर मी थांबू शकत होते, पीठ हातावरून झटकून उठू शकत होते. मी दुसरी भाकर घेतली, पहिलीहून पातळ. तू पाहत असल्यासारखी.

साहेबाचं उत्तर येईल तेव्हा येईल, ते मी सुनेला वाचून दाखवीन. हे दुसरं उत्तर मात्र तू द्यायचं. कडेवरचीला विचारून उपयोग नाही, ती वर बसली होती, तिला मागचं काय दिसणार. तू घागरीकडे पाहत होतीस की माझ्याकडे, ते तू सांग.