रामदासचा उजवा की डावा

मांजरी बुद्रुक,
सोमवार

तीर्थस्वरूप शकूअक्कास,

हिंमतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घे. सध्या खाली वाकलो तर उठवायला वॉचमन बोलवावा लागतो.) तुझं बीपी, दाजींचा खोकला आणि सासवडच्या नळाचं पाणी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तर तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि माझे गुडघे तुझ्या अख्ख्या आळीत फिरून येतात. ते माझ्या घरात फिरेनात, म्हणून तर हे लिहायला बसलो.

दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून गेली, हाडावर हाड घासतंय, आता बदलण्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, तारीख घ्यायची आणि उताणं पडायचं. पण अक्का, आता गुडघा घेणं म्हणजे लग्नाचा बस्ता बांधण्यासारखं झालंय. अर्धा बदलायचा की पूर्ण, दोन्ही एकदम की एकेक, आणि वर डॉक्टरांनी हाताने करायचा की रोबोट लावून. तनुजा (माझी धाकटी, खराडीच्या कंपनीत असते ती) म्हणते, बाबा, रोबोटिक एकदम प्रिसाइज असतं, विचार काय करताय. तुझी भावजय चंपा म्हणते, यंत्राचा काय भरवसा, आपली लिफ्ट बघा. मी डॉक्टरांना इतकं विचारलं की त्यांनी शेवटी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "अहो, रोबोट एकटा काही करत नाही, त्याला मीच धरलेला असतो. अर्ध्याने तुमचं भागणार नाही, दोन्ही एकदम करू. राहिलं हात की रोबोट. दोन्हींनी चांगलं होतं. शनिवारपर्यंत कळवा, मला इतरही गुडघे आहेत."

खरं सांगू का, मला भीती वाटते. ऑपरेशनची नाही, पुढे पाय वाकलाच नाही तर, त्याची. बिल्डरला देऊन उरलेला तो उसाच्या रानाचा तुकडा मी दिवाळीपासून पाहिलेला नाही. बांधावरून पायच उचलत नाही. घरातले मोबाईलवर फोटो काढून आणतात, पण फोटोतल्या उसाला काय हात लावायचा?

आता दोन्ही प्रकार एकाच अंगावर असलेला माणूस आपल्या घरात आहे, तो म्हणजे आपला भाऊ रामदास. त्याचा उजवा गुडघा डॉक्टरांच्या हाताचा आणि डावा गेल्या वर्षीचा, रोबोटचा. राहतो समोरच्या विंगमध्ये. पण आमचं बोलणं नाही, ते तुला ठाऊक आहे. (इमारतीला तात्यांचं नाव द्यायचं, यावर आमचं एकमत होतं. मी म्हटलं सोनबा हाइट्स, हा म्हणाला सोनबा पार्क. पार्क म्हणायला तिथं आहे काय? एक कडुलिंब होता, तोही पार्किंगमध्ये गेला. आता माझ्या विंगवर हाइट्स, त्याच्या विंगवर पार्क, आणि कुरिअरवाला मध्ये उभा राहून तात्यांचा उद्धार करतो.) उजवा झाला तेव्हा आम्ही बोलत होतो, मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. डावा झाला, ते मला वॉचमनने सांगितलं.

विचारायची सोय नाही, तर बघायला काय हरकत आहे? कात्रजच्या प्राणिसंग्रहालयासाठी नातवाला घेतलेली दुर्बीण मी काढली आणि सकाळचा चहा गॅलरीत घ्यायला लागलो. रामदास खाली येतो, पेपर वाचतो, चप्पल सरळ करतो. उजवा पाय झक्क वाकतो, पायऱ्या चढताना आधी पुढे होतो. डावा मात्र घरजावयासारखा मागून येतो, खुर्चीवर बसला की सरळच पुढे करून ठेवतो. एकदा पेपर खाली पडला, तर गड्याने सगळं काम उजव्यावर भागवलं. मला तिथेच उत्तर मिळालं. चार-सहा दिवस असं चाललं आणि एका सकाळी त्याने थेट माझ्याकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि पाण्याच्या टँकरमागे नेऊन ठेवली. तेव्हापासून माझा अभ्यास बंद आहे.

डॉक्टरांना म्हटलं, हाताने करा, रोबोट नको. कशावरून, म्हणाले. म्हटलं, भावाच्या पायावरून. मग भावालाच विचारा की. म्हटलं, आमचं बोलणं नाही. त्यावर ते म्हणाले, "असं असेल तर आधी ते बदलून घ्या, ते आमच्याकडे होत नाही." पुण्याचा डॉक्टर, दुसरं काय बोलणार!

तर अक्का, एवढं कर. रामदासला सहज फोन लाव आणि कुठला गुडघा सरस, ते त्याच्या तोंडून काढून घे. तुझ्या जावेसाठी चौकशी आहे म्हण. माझं नाव अजिबात काढू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
हिंमतराव

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत चंपाने पत्र वाचलं आणि हसत सुटली. ती आणि सोजर (रामदासची बायको) रोज गच्चीवर भेटतात, वाट्या इकडून तिकडे जातात, हे मला आज कळलं. सोजरचं म्हणणं असं की उजवा वाकतो तो डॉक्टरांमुळे नाही. त्या वेळी मी रोज सकाळी त्याच्या उशाशी उभा राहून आईमाईवरून शिव्या घालायचो आणि पाय वाकवून घ्यायचो, त्यामुळे वाकतो. डाव्याच्या वेळी व्यायाम घ्यायला एक सभ्य मुलगा यायचा. दुखतंय म्हटलं की तो सॉरी म्हणायचा. रामदासने आठवड्यात त्याला घरी पाठवला.

आणखी एक ता. क. वरची चौकशी करू नकोस. डॉक्टरांना कळवलंय, हात लावा नाहीतर रोबोट, तुमची मर्जी. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, तेवढं रामदासच्या कानावर घाल. शिव्या देऊन माझा पाय वाकवून घेईल असं माझ्याकडे कोणी नाही. चंपाला दया येते आणि तनुजा व्हिडिओ पाठवते. त्याने यावं, मागच्या सगळ्या शिव्या परत घालाव्यात. येताना डावा पायही आणावा, दोघांचे बरोबर वाकवू. मला त्याचं तसं सरळ पाय ठेवून बसणं बघवत नाही.

शेवटचं. एवढ्यावर तो येणार नाही, मी त्याला ओळखतो. म्हणून असं सांग की हिंमत पार्कचा बोर्ड उतरवून दोन्ही विंगवर हाइट्स लावणार आहे. भांडायला तरी नक्की येईल.