डाव्या पात्याची धार

आमियाँ, ११ जानेवारी १९८७

ती. ओदीलताईस,
रेजीसचा सा. न. वि. वि.

नाताळची सुट्टी संपवून परत आलो, तर खोली गारठून गेलेली. तू डब्यात दिलेले बटाट्याचे तुर्तों आगगाडीतच फस्त केले, त्याचा आता पश्चात्ताप होतोय. बर्फावरच्या हॉकीत चौतिशी म्हणजे म्हातारपण, त्यामुळे संघातली पोरं मला उघडपणे आजोबा म्हणतात. पुढच्या वर्षीचा करार उपांत्य सामन्यानंतर बघू, असं कोच म्हणाले.

सोबत स्केटच्या बुटांचा एक जोड पाठवतो आहे. पात्यांना धार लावायला बूट थेट डोंगरात धाडतो म्हणून इथला धारवाला रागावतो. रागावू दे. पापांच्या हातची धार नसली की माझा पाय बर्फावर ठरत नाही.

जमलं तर पार्सलात पापांच्या दोन ओळी टाक. आज रविवार, दिवसभरात माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

तुझा,
रेजीस

*

ब्रियाँसों, २० जानेवारी

चि. रेजीस यास,
ओदीलचे अ. उ. आ.

बूट धार लावून पाठवले आहेत. पापा ठीक आहेत, थोडी सर्दी आहे इतकंच. मोसम अर्धा टाकून घरी धावत यायचं नाही, असा त्यांचा निरोप आहे. पत्राचं म्हणशील, तर त्यांनी तीस वर्षं रिंकवरचा बर्फ सांभाळला, लेखणी कधी सांभाळली नाही. तेव्हा माझ्याच अक्षरावर समाधान मान.

पोरं आजोबा म्हणतात याचं मला हसू आलं. त्यांना सांग, या माणसाला आधी बायको मिळू दे, मग बाप होऊ दे, आजोबाचं नंतर बघू.

गळ्याभोवती लोकर गुंडाळत जा. माया आहेच.

ओदील

*

आमियाँ, २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनदा बूट आले, आणि दोन्ही वेळा पहिल्याच डाव्या वळणाला मी आडवा झालो. धार उत्तम होती. तीच तर चूक होती.

बाराव्या वर्षी माझा डावा घोटा मोडला, तो आजही बाहेर कलतो. तेव्हापासून पापा डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेवरून दगड फिरवून ती जराशी बोथट करतात. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. एकदा दुसऱ्याकडून धार लावून घेतली आणि पडलो, तेव्हा मला कळलं. तू पाठवलेल्या पात्यांच्या दोन्ही कडा सारख्या धारदार आहेत. धार तू लावतेस ना?

इथला धारवाला ती कड दोन मिनिटांत मारून देईल. मी त्याच्याकडे गेलो नाही. गेलो असतो, तर पापांचा हात गेला हे मीच मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून महिनाभर पडतो आहे. कोचना वाटतं माझे पाय संपले, दोन सामने त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं. फोन केला की तू म्हणतेस पापा रिंकवर आहेत. ताई, पापा आहेत ना?

उपांत्य सामना १४ मार्चला आहे. आधीचा जोड परत पाठवतो आहे. खरं काय ते लिही.

रेजीस

*

ब्रियाँसों, २ मार्च

चि. रेजीस यास,
अनेक आशीर्वाद.

पापा आहेत. तुझं पहिलं पार्सल आलं त्याच दिवशी सकाळी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं निम्मं कळतं. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी शपथ घातली. तू मोसम सोडून येशील याची त्यांना धास्ती होती. यंत्रावर धार मीच लावली. नखावर पातं ओढून पाहिलं, नखाची साल निघाली, आणि अगदी पापांसारखी जमली म्हणून मी खूश झाले. मला माफ कर.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते खूप वेळ रडले. मग डावा हात पुढे करून दगड मागितला. बूट मी मांडीवर घट्ट धरला आणि त्यांनी चार वेळा दगड फिरवला. तेवढ्याला पाऊण तास लागला. मला मदत करू दिली नाही.

तोच जोड आज पाठवते आहे. सामना झाल्यावरच यायचं, असं ते म्हणतात.

ओदील

*

आमियाँ, १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल आम्ही हरलो. कोचनी तरीही आणखी एका वर्षासाठी विचारलं, मी नाही म्हटलं. निरोपाला पोरांनी मला खांद्यावर घेतलं. खोलीवर आल्यावर मात्र हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुला लिहितो आहे.

मंगळवारी निघतो. यंत्र झाकून ठेवू नकोस. आता दगड पापांनी धरायचा आणि बूट मी.

तुमचाच,
रेजीस

ता. क. हे पापांना मोठ्याने वाचून दाखव: पापा, काल पूर्ण सामना खेळलो. एकदाही पडलो नाही.