शेगडीत ढेप

१ सप्टेंबर २०१६, पोळा. बाजारहत्नूर

शेगडीत ढेप! ह्यायच्या शेगडीत!

मी बैल ओवाळाले गोठ्यात गेली त समोर तेच. तेलाचा ड्रम उभा कापून, खाली चार पाय जोडून ह्यायनं बनवली होती ती शेगडी. दर दसऱ्याले सोनं वाटून आले का तिच्यावर तंदुरी कोंबडी. हायवेवरच्या ढाब्यात सरदारजीपाशी शिकलेली. तेरवीच्या दिवशी चंपत भाऊजीनं — माहा दीर — डोळे पुसत उचलून नेली. "दादाची आठवन राहीन, वहिनी." अन् आज आठवनीत सरकीची ढेप भिजून राह्यली! बैल आठवन खाऊन राह्यले!

वच्छला, माही जाऊ, बैलाले कुंकू लावत होती. ते कपाळ सोडून डोळ्यावर. मी म्हटलं, "काऊन व वच्छला, बैलाले काजळ घालतं का कुंकू?" सगळे हसले. तीच नाही हसली. भातात खडे. माही दाढ हालली. म्हटलं, भात हाय का मुरूम? त भाऊजी माह्यावरच वस्कन ओरडला — "जेवा मुकाट्यानं."

अन् मंग जेवतानीच त्यानं सांगितलं. "सरकार जिल्हा फोडून नवे जिल्हे करून राह्यलं. हेमचंद्राले कुठी तरी लांब टाकतीन. मंग वहिनी इथंच येतीन राहाले. आमचं ठरलं."

आमचं म्हनजे कोनाचं? माहा पोरगा हेम्या — तहसीलीत नोकरी करते, लोकायचे सातबारे पाहाते — मान खाली घालून पुरनपोळी खाऊन राह्यलता. दमयंती, सून, पानी आनाच्या निमित्तानं उठली. म्हनजे सगळ्यायले माहीत! मलेच नाही! मी काय खुर्ची हाय का, मावल्यातल्या माह्या घरातून उचलली अन् बाजारहत्नूरात ठेवली?

२ सप्टेंबर, कर

सकाळीच शेगडी राखेनं घासली. ढेपीचा वास जाता जाईना.

आज कर, पोळ्याचा दुसरा दिवस. कोंबडी होनारच होती. म्हटलं रस्सा नाही, तंदुरी. अन् मी करते.

भाऊजी म्हने, "वहिनी, कोळशावरचं काम मानसायचं."

हो ना! आमच्यात कोंबडी घरातल्या चुलीवर चढत नाही. अंगनात मानसं शिजवतात, बाया मसाला वाटून देतात अन् लांबून वास घेतात. चाळीस वर्ष मी लांबून वास घेतला. म्हटलं, आता मानूस गेला माहा, त त्याचं काम कोन करन? मीच!

नाही जमलं. लिवते खरं, कोनाले दाखवाचं हाय!

घरात जे जळते तेच घातलं — पऱ्हाट्या, कापसाच्या काड्या. कापसाच्या गावात दुसरं काय सुचते? मागच्या सालच्या, पावसानं ओल्या. आधी धूर. मी वरून राकेल ओतलं. भडका उडाला, माह्या भुवया गेल्या अर्ध्या! मंग पुन्हा धूर. दही तसंच पातळ लावलं होतं, ते टपटप खाली गळून इस्तू इझला. कोंबडी वरून काळी, आतून लाल, अन् वास राकेलचा. कुत्रं आलं, हुंगलं, अन् दुसऱ्याच्या घरी गेलं.

भाऊजी पोट धरून हसला. "एक कोंबडी भाजता येईना, अन् म्हने एकटी राहीन!"

मंग मात्र माह्या डोक्यात आग गेली. सगळ्यायसमोर म्हटलं, "दसऱ्याले या मावल्याले. दादासारखी तंदुरी खाऊ घालते. जमली, त मी माह्या घरी एकटी राहीन, कोनी शब्द काढाचा नाही. नाही जमली, त गाठोडं बांधून तुमच्या दारात येईन."

"लागली पैज," म्हने.

वच्छला उगाच मंधात — "नका व बाई. असल्या गोष्टीची पैज नका लावू."

तिले काय करनं हाय!

३ सप्टेंबर. मावला

शेगडी घेऊन आली. सोडून येते का! बसमंधी कंडक्टर तेलुगूत म्हने, "एंदम्मा इदी?" — हे काय हाय. म्हटलं, "मा आयना." माहा नवरा.

त्यानं निमूट जागा करून देल्ली.

२२ सप्टेंबर

ह्यायचं पित्तर. वडे, खीर, सगळं पानावर ठेवलं. कावळा येईना. हेम्या छतावर उभा राहून काव काव करून थकला. मी खालून म्हटलं, "तंदुरी पाहिजे असन! पंधरवड्यात नाही भेटत म्हना!"

दमयंतीले हसू आलं, तिनं पदर तोंडात कोंबला.

राग ह्यायच्यावर बी हाय. यशवंतराव! (नाव घेतलं. आता काय करता?) वीस दसरे तुमी माह्याकडं पाठ करून कोंबडी कालवली. "सरदारजीची शपथ हाय" म्हने. सरदारजीची शपथ पाळली, अन् माही? जाताना सांगून नाही गेले. मले फक्त तुमची पाठ माहीत अन् वास. वासावरून एवढं समजते — पहिले लिंबू, मंग मोहरीचं तेल, अन् कसुरी मेथी शेवटी, हातावर चोळून.

दही पातळ कसं नव्हतं तुमचं?

२६ सप्टेंबर

इस्त्रीवाले पांडुरंगराव बेरकी मानूस. त्यायच्याकडं कोळसा मागाले गेली. म्हने, "मालनबाई, इस्त्री घेता का काय?" म्हटलं, "कोंबडीले करनं हाय. लई चुरगळली."

हसले. मंग सगळं इचारलं. पऱ्हाट्याचं ऐकून कपाळावर हात मारला त्यायनं.

"बाई, जाळावर काईच भाजू नये. मी लाल कोळसा इस्त्रीत टाकला अन् लगेच फिरवली त सदरा गेला! कोळशावर पांढरी राख चढू द्या. सायीसारखी. मंग त्याच्यावर हात धरा, पाच मोजा. तिनालेच पोळलं त थांबा. दहा मोजले तरी पोळत नाही, त तुमी झोपल्या होत्या."

बाभळीच्या कोळशाचं अर्धं पोतं घरी टाकून गेले. चाळीस वर्ष कोळशात हात हाय त्या मानसाचा, अन् एका शब्दानं नाही म्हटलं का हे मानसायचं काम.

३ ऑक्टोबर

देवी बसली. नऊ दिवस कोंबडीचं नाव नाही. आता शिकाचं कसं?

वांग्यावर! अंगनात शेगडी मांडली. सळईत वांगी, कांदे, बटाटे. हात धरते — एक, दोन, तीन, पोळलं! पुन्हा थांबते. तीन वांगी जळाली, चौथं असं झालं का सालपट बोटानं निघालं.

दमयंती दारात. "आई, लोक म्हनतीन म्हातारी भर उन्हात कोळसे फुकून राह्यली."

"म्हना, इस्त्रीचं दुकान टाकलं."

ती बाजूले येऊन बसली. सळई फिरवली थोडी. मंग हळूच, "आई, काका वाईट नाहीत. काकूचं..."

"नाव काढू नको त्यायचं माह्यासमोर! तुमच्या मनात मले तिथं टाकाचं हाय, सरळ सांग!"

उठून गेली. डोळ्यात पानी होतं. धुरानं असन.

दही कसं करत असतीन, ते सापडलं. देवीसाठी श्रीखंड केलं त समजलं! चक्का! फडक्यात बांधून रातभर टांगाचं. वीस दसरे खुंटीले ओलं फडकं दिसे, मले वाटे ह्यायचा दस्ती रुमाल हाय. धुऊन टाको मी त्याले!

८ ऑक्टोबर

कालपर्यंत जिल्ह्याचे तीन तुकडे म्हनत होते, आता म्हने चार. तेवढ्या वेळात माही अकरा वांगी बरोबर भाजली.

१० ऑक्टोबर

हेम्याची आर्डर आली. बेज्जूर. प्रान्हिता नदीच्या जंगलाकडं. नवा जिल्हा, नवं हापीस. कागद हातात घेऊन ओसरीत बसून राह्यला, जसं त्याले काळ्या पान्यावर धाडलं.

"आई, दमयंती येनार माह्यासंगं. तू एकटी कशी..."

"उद्या सांगते कशी. पैज हाय."

"आई, पैजेनं असं ठरतं का?"

"तुमी पुरनपोळीवर ठरवलं, ते चालते?"

कागदाची घडी करत बसला. मले लेकराची दया बी आली, राग बी आला. दही फडक्यात बांधून खुंटीले टांगलं. ह्याले बी टांगावं वाटलं बाजूले!

११ ऑक्टोबर, दसरा. सकाळ

मावला आजपासून मंडल झालं म्हने, तालुक्यासारखं. मी बसल्या जागी मंडलाच्या गावची झाली! शेगडी ओवाळली. हत्यार हाय माहं.

कोंबडीले खोल चिरा देल्ल्या. मीठ, लिंबू, तिखट चोळून ठेवली. मंग चक्का, आलं-लसून, गरम मसाला, मोहरीचं तेल. मेथी हातावर चोळली अन् हात नाकापाशी नेला.

आले! ह्यायचा वास आला.



११ ऑक्टोबर, संध्याकाळ

जिंकली!!

आता सगळं सांगते. भाऊजी अन् वच्छला चार वाजता आले. भाऊजी खुर्ची टाकून शेगडीसमोरच बसला, परीक्षा घेनाऱ्यासारखा. कोळसे पेटवले. लाल झाले. भाऊजी म्हने, "लावा आता." मी गप. "वहिनी, इझतीन." मी गप. राख चढली, सायीसारखी. हात धरला. एक, दोन, तीन, चार, पाच! लावल्या सळया.

चर्र आवाज. तेलाचा एक-एक थेंब पडे अन् बारीक धूर वर येये. मी फिरवत राह्यली, वरून लोनी लावत राह्यली. कडा काळ्या झाल्या, मंधात केशरी. उतरवून झाकून ठेवली जरा, हे बी तसंच ठेवत.

तेवढ्यात सोनं वाटनं झालं. अन् वच्छलानं कमालच केली! अंगनातल्या दोरीवर माहं लुगडं वाळत होतं. ही बाई त्या लुगड्यापुढं सोनं धरून उभी — "घ्या बाई, सोन्यासारख्या राहा." मी इतकी हसली का हातातली ताटली पडता पडता राह्यली. "वच्छला, लुगड्यात मी नाही व! मी इकडं!" ती म्हने, "अंधारून आलं ना बाई." कुठचं अंधारून! पश्चिमेले लाल भडक होतं. भाऊजीनं तिचा हात धरून तिले बाजेवर नेऊन बसवलं अन् माह्याकडं असं पाहालं, जसं मीच काई चोरी केली.

पाहा म्हटलं, काय पाहाचं ते!

पहिला तुकडा त्यालेच देल्ला. हाडापासून मास अलगद सुटलं. आतून पांढरं, रसदार. खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडं.

"मीठ जरा पुढं हाय," म्हने. अन् चौथा उचलला!

हेम्यानं टाळीच वाजवली. म्हने, "बाबाची हाय आई ही. बाबाचीच हाय."

मी म्हटलं, "बाबाची नाही. माही हाय."

मंग भाऊजीले इचारलं, "बोला, पैज?" हात धुतले त्यानं. लई वेळ धूत राह्यला. म्हने, "राहा मंग. तुमचं घर हाय." तोंड असं उतरलं होतं का काय सांगू! हारलेला मानूस असा दिसते! लई मजा आली मले. मुद्दाम म्हटलं, "रडू नका भाऊजी, एक तंगडी बांधून देते."

वच्छलानं एकच तुकडा खाल्ला. बोटानं चाचपत, हाड कुठी हाय ते पाहात. म्हने, "लई चांगली झाली बाई. वासावरूनच समजली."

१२ ऑक्टोबर

सकाळी वच्छला भितीले हात लावून, पावलं मोजत मोरीकडं जाऊन राह्यली होती. माह्या घरात, जिथं ती तीस वर्ष येते. मी दारात उभी होती, दोन हातावर. तिले दिसली नाही.

दमयंतीले धरून इचारलं. वर्ष झालं. साखरेनं डोळे गेले. तिच्यापाशी कोनी पाहिजे म्हनून मले नेनं होतं; पन भाऊजीनं सगळ्यायले शपथ घातली, वहिनीले सांगाचं नाही — दया म्हनून येऊ नये तिनं. भात तोच शिजवते. खडे त्यालेच दिसत नाहीत चश्म्याबिगर.

अन् मी लुगड्यावर हसली.

१४ ऑक्टोबर. बाजारहत्नूर

कुलूप मी लावलं. चावी माह्या कमरेले, कोनाले देल्ली नाही. शेगडी बसमंधी, कंडक्टर तोच. म्हने, "मी आयना मळ्ळी वच्चिंडा?" — पुन्हा आले का मालक. हो म्हटलं.

वच्छलानं इचारलं, काऊन आल्या बाई? पैज त तुमी जिंकल्या.

म्हटलं, तुह्या नवऱ्याले कोळसा शिकवाले आली. अन् त्याच्या आधी तांदूळ निवडाले.